पान त्रेचाळीसचं शुद्धिपत्र

परतुरात सध्या माझी ओळख 'जिच्या कादंबरीपेक्षा शुद्धिपत्र मोठं, ती बाई' अशी करून देतात. हे साफ खोटं आहे. कादंबरी छप्पन्न पानांची आहे आणि शुद्धिपत्र फक्त चौदा. आमच्या गावाला मोजायची सवय कापसाच्या गाड्यांची, पानं त्यांना जमत नाहीत. पण बोलायला लोकांचं काय जातं! मीही ऐकून घेणाऱ्यांतली नाही. वीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आहे. साठ मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचतो, तर बसस्टँडवरच्या चार रिकामटेकड्यांपर्यंत न पोचायला काय झालं?

झालं असं, की अठ्ठ्याण्णव साली मुक्तिसंग्रामाचा सुवर्णमहोत्सव आला. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब, तेच महोत्सव समितीचेही अध्यक्ष. कुस्ती मंडळाचेही तेच. परतुरात खुर्ची रिकामी दिसली की आधी अण्णासाहेबांना विचारायची पद्धत आहे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुम्ही लिहिता म्हणे. एक कादंबरी होऊन जाऊ द्या. सतरा सप्टेंबरला प्रकाशन. परतूर-मंठ्याकडच्या सगळ्या शाळांत वाटून टाकू. महिलांचं योगदान वगैरे आलं पाहिजे. बराबर?"

कादंबरी होऊन जाऊ द्या! जसा काही हाफ चहा. पण खरं सांगते, मी हुरळले. दिवाळी अंकात दोन कथा आलेल्या बाईला कोणी कादंबरी मागितली, की तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. आमच्या ह्यांनी, म्हणजे संपतरावांनी, सरकारी नोकरीतल्या बावीस वर्षांच्या अनुभवावरून सल्ला दिला, "हो म्हण, पण लिहू नको." या एका तत्त्वावर त्यांची बावीस वर्षं निघाली आहेत. मी मात्र लिहिली. तीन आठवड्यांत, पोळ्या करता करता. नाव 'दुधनेकाठची वीरांगना'.

आता कबूल करायचंच आहे तर सगळंच करते. लढाईच्या काळात बाईला दोनच कामं असतात, असं मी कुठं शिकले कोण जाणे. एक तर घोड्यावर बसायचं, नाही तर भाकरी बांधून देताना डोळ्यांना पदर लावायचा. माझ्या कादंबरीत दोन्ही होतं. नायिका केशर घोड्यावर, बाकीच्या झाडून सगळ्या पदर लावून. कादंबरीला फितूरही लागतो. पाटलाला फितूर करावं तर अण्णासाहेबांचे वडील पाटील. मास्तरला करावं तर आमची स्टाफरूम. सावकाराला करावं तर ज्यांच्या दुकानातून आमचा किराणा येतो ते उद्यापासून उधार बंद करतील. मग मी सुईणीला फितूर केलं. सुईणीच्या वतीनं भांडायला कोण येणार? असा विचार मी केला होता. आज लिहितानाही लाज वाटते, पण केला होता.

ऑगस्टात पाचशे प्रती आणि वर दहा छापून झाल्या; वरच्या दहा अण्णासाहेबांनी पाहुण्यांसाठी ठेवून घेतल्या. अण्णासाहेबांच्या गोदामात खताच्या गोण्या होत्या, म्हणून बाकीचे गठ्ठे आमच्या घरी आले आणि पुढच्या खोलीतल्या लाकडी बाजेखाली रचले. एक प्रत घेऊन मी शेजारी दुर्गाकाकूंच्या ओट्यावर गेले. दुर्गाकाकू बहात्तर वर्षांच्या. त्यांचे चिरंजीव सर्जेराव बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. काकूंना वाचता येत नाही, पण ऐकायला त्यांच्यासारखं माणूस नाही. शिवाय काकूंचं सासर मंठ्याकडचं, सरहद्दीवरचं बोरवाडी. ते नाव माझ्या कानाला गोड लागलं होतं, म्हणून कादंबरीतल्या गावाला मी तेच दिलं होतं. काकू खूश होतील, दोन शब्द बरे बोलतील, ही माझी अपेक्षा. लेखकाला आणखी काय पाहिजे असतं?

मी पहिलं पान वाचलं. काकूंनी विचारलं, "घोडा कोणाचा?"

"केशरचा."

"त्याला चारा कोण टाकी? त्या साली कडबा न्हवता. बैलं वाळून चालली व्हती."

"काकू, ती कल्पना आहे."

"मंग कल्पनेनं चारा आणावा. बोरवाडीत घोडा म्हंजी नवरदेवापुरता. त्यो बी मंठ्याहून यायचा, आन नवरदेवाला पाडायचा."

पुढच्या प्रत्येक पानावर हेच. पिस्तूल कुठून आणलं, पैठणी नेसून नदीत कोण उडी मारतं, भाकरी बांधताना गहिवरायला वेळ कोणाला होता, चाळीस माणसांच्या भाकरी थापताना हात भाजतात की डोळे भरतात. माझा स्वाभिमान असा बोटाबोटानं खाली येत होता. त्रेचाळिसाव्या पानावर मात्र काकूंनी मला थांबवलं.

"परत वाच."

मी वाचलं. "'सुईणीने फितुरी केली. चार नाण्यांसाठी तिने गाव विकले.'"

"कोणती सुईण?"

"नाव नाही दिलं, काकू."

"गावाचं नाव तर दिलंस. बोरवाडीत सुईण एकच व्हती. साळूबाई." काकूंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तू कोणाला फितूर केलंस, ठाऊक हाय का तुला?"

मग त्यांनी सांगितलं. बोरवाडीच्या पलीकडं वऱ्हाड, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. तिकडून बंदुका यायच्या, काडतुसं यायची, आणि आतल्या गावांना पोचेपर्यंत चार-पाच दिवस बोरवाडीत थांबायची. ठेवायची कुठं? निजामाचे पोलीस कणग्या उपसत, कडब्यात संगिनी खुपसत, चुली खणत. एकाच जागी त्यांचा पाय पडत नसे, ती म्हणजे बाळंतिणीची खोली. कोणत्याही धर्माचा, कितीही दांडगा जमादार असो, सुवेर म्हटलं की उंबऱ्याबाहेर. हे साळूबाईच्या ध्यानात आलं. माल यायची बातमी लागली, की साळूबाई सांगे आणि गावात कोणीतरी बाळंत होई. दुर्गाकाकू स्वतः एका सालात तीनदा बाळंत झाल्या. मूल न होता.

"बाजेवर मी, बाजेखाली काडतुसं," काकू म्हणाल्या. "पर बाजेखाली शेगडी बी पाहिजे. शेक न्हाई, धूर न्हाई, तर कसली बाळंतीण? शेगडी न्हाई ठेवली तर पोलीस वळखणार. ठेवली तर आम्ही समद्याजणी वर जाणार. साळूबाई शेगडीत राखच राख भरायची, वर दिसायपुरता चार इंगळ, आन त्याच्यावर वला लिंब आन ववा. धूर असा, की जमादाराच्या डोळ्याला धारा. शेगडीपासून बिलकुल हलायची न्हाई ती. मी जरा हलले आन बाज करकरली, की खालून चिमटा काढायची."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पर बाळंतिणीनं कण्हायचंच असतं. भेऊन कण्हलं तरी कोणाला कळतंय?"

आणि बाळ? बाळ साळूबाईचंच. तिची गिरिजा सत्तेचाळीसच्या दिवाळीला झालेली. गावकुसाबाहेरच्या घरातली पोर पाटलाच्या भावकीतल्या सुनेच्या कुशीत, त्या काळात! गिरिजा रडली की काकू तिला पदराखाली घेत. सर्जेराव वर्षाचा होता, अंगावर दूध होतं. नंतर सासू काकूंना गोमूत्र शिंपडून घरात घ्यायची. घरात बंदुका चालल्या, काडतुसं चालली, साळूबाईला पाणी मात्र ओंजळीत वरूनच वाढलं. हे सांगताना काकू जमिनीकडं बघत होत्या. मला इतका संताप आला, की मी ओट्यावरून उठले आणि कोणावर चिडावं ते न समजून परत बसले.

दर वेळी जमादार नवा असे, म्हणून निभलं. तिसऱ्या खेपेला मात्र पहिलाच परत आला. गिरिजा तोवर आठ महिन्यांची, खालचे दोन दात आलेले. धुरातून दिसलं नाही म्हणून बरं. तो म्हणाला, ही बाई तर दिवाळीत बाळंत झाली होती. साळूबाई तिथल्या तिथं म्हणाली, "ते लेकरू गेलं साहेब. हे सातव्या महिन्यातलं हाय." त्याला पटलं नाही. त्यानं साळूबाईला चावडीत नेलं. दोन दिवस. ती एकच वाक्य बोलत राहिली, बाळंतीण हाय म्हणून. तिकडं पाचवीच्या पूजेला आलेल्या बायांच्या पाट्यांतून, बाजरीखाली, काडतुसं गाव सोडून गेली. साळूबाई सुटली तेव्हा तिचं उजवं मनगट मोडलेलं होतं. ते वाकडंच बसलं. पुन्हा त्या हातानं एक बाळंतपण झालं नाही.

"सुईणीचा हात गेला," काकू म्हणाल्या, "आन तू तिला चार नाणी दिलीस."

मी पुस्तक मिटलं. घरी येऊन भाजी करपवली. संपतराव म्हणाले, "पुढच्या वेळी बघ. फाईल बंद कर." मी त्यांना करपलेली भाजी वाढली.

रविवारी काकूंना घेऊन मी एसटीनं मंठ्याला गेले. साळूबाई वारल्याला सोळा वर्षं झाली होती. गिरिजाबाई बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहत. जन्मभर मजुरी करून लेकीला नर्स केलेली बाई. मी मनाशी माफीचं छान भाषण तयार केलं होतं. ते ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. "वाचून दाखवा," म्हणाल्या. मी त्रेचाळिसावं पान वाचलं. इतकं वाईट मराठी मी आयुष्यात कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं.

"हे साळांमधी जाणार?"

"सगळ्याच शाळांत."

"माझी नात सातवीत हाय. तिच्या वर्गात बोरवाडीची चार लेकरं हायेत. सुईण म्हणलं की घर कोणाचं, ते त्यांला सांगावं लागत न्हाई." मग त्या काकूंकडं वळल्या. "मावशे, तू जित्ती असताना असं छापून आलं?"

काकूंनी मान खाली घातली. तिथंच मी ठरवलं. सतरा तारखेच्या आत पाचशेच्या पाचशे प्रतींत दुरुस्ती जाईल, नाही तर पुस्तक जाणार नाही.

बोलणं सोपं असतं. छापखान्याचा मालक बद्रीनाथ. जालन्यात कंप्युटर येऊन जुने झाले, तरी याला आपल्या शिशाच्या अक्षरखिळ्यांचा अभिमान. तो म्हणाला, शुद्धिपत्र म्हणजे चार ओळी. मी त्याच्यापुढं चौदा पानं ठेवली. कारण एकदा खरं बोलायला बसले तर त्रेचाळिसाव्या पानावरच कसं थांबणार? 'पान १, ओळ ३ : घोड्यावर स्वार झाली ऐवजी बाजेवर निजली असे वाचावे.' 'पान ९, ओळ १२ : गहिवरून ऐवजी हात भाजून असे वाचावे.' 'पान १७, ओळ ५ : पिस्तूल रोखून ऐवजी कण्हत असे वाचावे.' बद्रीनाथनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, माझ्याकडं 'ऐ' चे खिळे नऊ. तुमच्या एका पानावर 'ऐवजी' अठरा वेळा. अर्धं-अर्धं पान छापून, खिळे सोडवून परत जुळवू का?" मी म्हटलं, जुळवा. तो म्हणाला, "समितीचं पुस्तक हाय. अण्णासाहेबांचं पत्र आणा."

अण्णासाहेबांनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला, "पुरावा?" घोड्याचा पुरावा मला कोणी मागितला नव्हता. घोडा बिनपुराव्याचा पहिल्या पानावर चढला होता. बाळंतिणीला मात्र कागद पाहिजे.

कागद होता. काकूंनी सांगितलं होतं, की प्रत्येक बाळंतपण जमादारानं चावडीच्या दप्तरात लिहायला लावलं. मी एका कचेरीच्या अभिलेख कक्षात गेले. कोणत्या ते सांगत नाही, मला तिथून अजून एक दाखला काढायचा आहे. कारकुनानं अर्ज पाहिला.

"बाळाचं नाव?"

"नाव ठेवलं नाही."

"का?"

"बाळ झालंच नाही."

"मग जन्माची नक्कल कशाची पाहिजे?"

"न झालेल्या जन्माची."

"तसा दाखला मिळतो," तो समजूतदारपणे म्हणाला. "'नोंद आढळून येत नाही' असा."

"पण नोंद आहे!"

"मग बाळ झालं."

पाच खेपा झाल्या. त्या माणसाशी वाद घालताना तर्कशास्त्रात मी दर वेळी हरले, एवढं प्रामाणिकपणे नमूद करते. शेवटी त्यानं कंटाळून सबंध पानाचीच नक्कल दिली. ती उर्दूत. परतुरात एक मुन्शीजी आहेत, ऐंशीच्या घरातले, तरुणपणी दप्तरात उमेदवारी केलेले. त्यांनी भिंग लावून वाचलं. "मौजे बोरवाडी. मुसम्मात दुर्गा, जौजे अप्पाराव. लडकी. माहे दै, तेराशे सत्तावन फसली." म्हणजे अप्पारावांची बायको दुर्गा, मुलगी, निजामी कालगणनेतला सत्तेचाळीसच्या दिवाळीचा महिना. मग तीन महिन्यांनी, फरवर्दीत, आणखी एक लडकी. मग शहरेवरमध्ये, ऐन पावसाळ्यात, तिसरी. "एका सालात तीन?" मुन्शीजी हसले. "बाईसाहेब, या हिशेबानं तर हिंदुस्थान भरून गेला असता." मग त्यांनी भिंग खाली नेलं आणि त्यांचं हसू थांबलं. शेवटच्या नोंदीपुढं बारीक अक्षरात शेरा होता. तो त्यांनी सावकाश, दोनदा वाचला. "दाया मुसम्मात साळू को दो रोज हिरासत में रखा. कुछ नहीं बोली."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला तेव्हा दोन्ही हातांनी दिला.

इकडं सर्जेरावांना मात्र वेगळाच घोर. नक्कल पाहून ते रात्रंदिवस फेऱ्या मारू लागले. "वहिनी, मी आईला एकुलता एक. आता सरकारी कागदावर तीन बहिणी निघाल्या. उद्या वारस म्हणून सातबाऱ्यावर चढल्या तर?"

"भाऊजी, त्या जन्मल्याच नाहीत."

"पन्नास वर्षं तुम्हाला ठाऊक न्हवतं, आता कागद निघाला. तसंच त्या बी निघतील." अशा धास्तीतल्या माणसाला संपतरावांनी आणखी सल्ला दिला, की तिघींचे मृत्युदाखले काढून ठेवावेत. त्यावरून दोघं मिळून एक सबंध दिवस कचेरीत जाऊन आले. तिथला तो कारकून म्हणे दुसऱ्या दिवशी रजेवर गेला.

समितीची बैठक भरली. मी नक्कल ठेवली, काकूंना सोबत नेलं. अण्णासाहेबांनी चष्मा लावला, काढला.

"बाई, हे बाळंतपण शाळकरी पोरांपुढं? शोभतं का? आणि मी म्हणतो, निजून राहणं हे काय काम झालं? योगदान म्हणजे काही तलवार, काही हौतात्म्य..."

काकू म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही निजा. खाली शेगडी ठेवते. काडतुसं आता कुठून आणू? सुनेची गॅसची टाकी सरकवते. दोन दिवस निजा. मंग बोलू कामाचं."

एका सभासदाला चहाचा ठसका लागला. अण्णासाहेब लाल झाले. "कादंबरी आहे ही, इतिहास नाही! कादंबरीत काहीही चालतं."

"काहीही चालतं ना?" मी म्हटलं. "मग खरं का चालत नाही?"

"पुढच्या आवृत्तीत बघू. नोकरी आमच्या संस्थेत करता, एवढं लक्षात ठेवा."

लक्षात ठेवलं. तडक बद्रीनाथकडं गेले आणि समितीचं पत्र नसेना का, माझ्या सोन्याच्या पाटल्या ठेवा, म्हटलं. त्यानं पाटल्या परत माझ्या हातात दिल्या. "माझी आई बी सुईणीच्या हातानंच झाली असंल," म्हणाला आणि खिळे जुळवायला बसला. नऊ 'ऐ' वर त्या माणसानं चौदा पानं काढली. याला म्हणतात छापखाना.

पंधरा तारखेला सकाळी शुद्धिपत्रांचे गठ्ठे आले, आणि पाठोपाठ अण्णासाहेबांची जीपही. कुस्ती मंडळाचे दोन पैलवान उतरले. हुकूम होता, की पुस्तकं आहेत तशी उचलून आणा. मी दारात उभी राहिले. पैलवान मला नमस्कार करून बाजूनं आत जायला लागले. माझा धीर सुटला. संपतराव पेपरमागं गेले. एवढ्यात पुढच्या खोलीतून असा काही कण्हण्याचा आवाज आला, की पैलवानांचे पाय जागच्या जागी थिजले.

खोलीत लिंबाचा धूर कोंदला होता. बाजेवर दुर्गाकाकू, गळ्यापर्यंत गोधडी, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. बाजेखाली पाचशे पुस्तकं. पुस्तकांपुढं शेगडी, आणि शेगडीपुढं गिरिजाबाई. त्या पहाटेच्या एसटीनं मंठ्याहून आल्या होत्या, आणि परसातून कधी आत गेल्या ते मलाही कळलं नव्हतं.

"आत येऊ नका," गिरिजाबाई म्हणाल्या. "बाळंतीण हाय."

थोरला पैलवान चाचरला. "आज्जी... बाळंतीण?"

"चौथ्यांदा," काकू कण्हल्या. "जा, लिहून घ्या चावडीत."

आता सांगा, बहात्तर वर्षांच्या म्हातारीला बाजेसकट उचलणारा पैलवान जालना जिल्ह्यात जन्मला आहे का? दोघं डोळे पुसत बाहेर गेले. जीप दोनदा परत आली. दोन्ही वेळा काकू बाळंतीणच होत्या. अण्णासाहेब स्वतः यायला निघाले, पण वाटेत कोणीतरी त्यांना विचारलं, "दुर्गाकाकूला काय झालं, मुलगा की मुलगी?" तसे ते परत फिरले. तेवढ्या दोन दिवसांत गल्लीतल्या अकरा बायकांनी कणकेची खळ शिजवली आणि पाचशे प्रतींत शुद्धिपत्र चिकटवलं. सर्जेरावही चिकटवत होते. गिरिजाबाईंना खळ देताना ते तीन-चारदा अडखळले आणि मग एकदम 'ताई' म्हणाले. त्या त्यांच्याहून वर्षानं लहान आहेत, पण त्यांनी ते चालवून घेतलं.

सतरा तारखेला झेंडावंदन झालं. मंडपात दोन हजार माणसं. व्यासपीठावर पाहुण्यांनी फीत सोडली आणि मी पाहिलं, पुस्तक पातळ होतं. अण्णासाहेबांकडं आधी गेलेल्या दहा प्रतींतलं होतं ते. जुनं. चौदा पानांशिवायचं. अण्णासाहेब माइकवर म्हणाले, "काही किरकोळ मुद्रणदोष राहिले आहेत, वाचकांनी ते दुरुस्त करून घ्यावेत."

मी उठले. कशी उठले ते आठवत नाही. माइक त्यांच्या हातातून घेतला. "मुद्रणदोष नाही," म्हटलं, "दोष माझा आहे. बद्रीनाथनं जे दिलं तेच छापलं. खोटं मी लिहिलं."

अण्णासाहेबांनी हाताची खूण केली आणि माइक बंद पडला. मला हसूच आलं. वीस वर्षं कोणत्या माइकवर शिकवलं मी? आवाज काढला आणि वाचलं, "पान त्रेचाळीस, ओळ नऊ. 'सुईणीने फितुरी केली, चार नाण्यांसाठी तिने गाव विकले' याऐवजी असे वाचावे : बोरवाडीच्या सुईण साळूबाई यांना दोन दिवस चावडीत ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत."

पाहुणे अण्णासाहेबांकडं पाहू लागले, अण्णासाहेब पंख्याकडं. मागं बायकांच्या बाजूला गिरिजाबाई उभ्या राहिल्या. शेजारी सातवीतली नात, मंठ्याहून आलेल्या तिच्या वर्गातल्या मुलींमध्ये बसलेली.

"ऐकू नाही आलं का, गिरिजाबाई?" मी ओरडून विचारलं.

"आलं," त्या म्हणाल्या. "आईचं नाव परत वाचा."

मी परत वाचलं.